कुठली परवा?

१ नोव्हेंबर २००३, शनिवार

परवा दसऱ्याला ही वही घेतली होती, ती कोरीच राहिली. आज सुरुवात करतो, कारण सोमवारपासून दवाखान्याचं काम आहे आणि अभिजीत सरांनी सांगितलेलं सगळं डोक्यात राहील असं वाटत नाही.

काम असं: मोठ्या खाजगी दवाखान्यात प्रत्येक मजल्यावर छताला पांढरा डबा बसवायचा. त्या डब्यातून बिनतारी नेटवर्क निघतं, मग डॉक्टर लॅपटॉप घेऊन पलंगापाशी जाऊ शकतात, वायर लागत नाही. आतापर्यंत मी ऑफिसांत असे अकरा डबे लावले. दवाखान्यात पहिल्यांदाच.

सरांनी सांगितलेले नियम उतरवून ठेवतो. सिस्टरला विचारल्याशिवाय छताची एकही टाइल उघडायची नाही. पेशंट पलंगावर असताना त्याच्या वर शिडी नाही. टाइल उघडण्याआधी खाली आणि चारही बाजूंनी प्लास्टिक लावायचं, कारण छतावरच्या धुळीत बुरशी असते आणि अशक्त माणसाच्या छातीत ती गेली तर फार वाईट. ओल्या कपड्यानं पुसायचं, झाडू मारायचा नाही. आणि जिथे हृदयाची यंत्रं आहेत तिथे डबा चालू करण्याआधी दवाखान्याच्या मशीन इंजिनिअरनं तासभर समोर बसून यंत्रांवर परिणाम होतो का ते बघायचं. याला सर 'टेस्ट' म्हणतात.

सर पुण्याचे. सहा महिन्यांपूर्वी इकडे आले, दिलसुखनगरला राहतात. मला म्हणाले, हेमंत, तुझं मराठी ऐकायला मजा येते, अर्धं हिंदी आणि अर्धं आजोबांच्या वेळचं. मला वाईट वाटलं नाही. त्यांनी मला स्वतःचे रबरी तळाचे बूट दिले आहेत, शिडीवर घसरू नये म्हणून.

परवा बाबा गेले तेव्हा आयटीआय सुटलं ते सुटलंच. तेव्हा मी एकोणीसचा होतो, आता चोवीस. दहावीत गणितात दोनदा गेलो, पण ऱ्हस्व-दीर्घ कधी चुकलं नाही. बाबा महसूल खात्यात होते, म्हणायचे, ज्याची वेलांटी चुकते त्याचा आकडाही चुकत असणार. म्हणून सावकाश लिहितो.

३ नोव्हेंबर, सोमवार

चौथा मजला, हृदयाचा वॉर्ड. तिथल्या मोठ्या सिस्टरचं नाव सुजाता. तेलुगू आहेत, माझ्याशी हिंदीत बोलतात, म्हणजे आपल्या इथल्या हिंदीत. मी प्लास्टिक लावल्यावर त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. एका कोपऱ्यात चिकटपट्टी सुटली होती. तिथेच उभ्या राहिल्या, मी परत लावली तेव्हा गेल्या.

या वॉर्डातल्या पेशंटच्या गळ्यात पाकिटाएवढी पेटी असते. छातीवर स्टिकर, त्यातून वायर पेटीत, आणि पेटीतून हृदयाची रेषा वायरशिवायच सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर जाते. त्यामुळे पेशंट चालू-फिरू शकतात, बाथरूमला जाऊ शकतात, रेषा दिसत राहते.

सुजाता सिस्टरनी विचारलं, "तम्मुडू, तेरा डब्बा भी हवा में बोलता, मेरी पेटी भी हवा में बोलती. बीच में टकराते नै क्या?"

तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. संध्याकाळी सरांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, त्यांचा रस्ता वेगळा असेल, टेस्टमध्ये कळेलच. 'असेल' म्हणाले की 'असतो' म्हणाले ते नीट ऐकू आलं नाही. रमझान आहे, मलकपेठेत संध्याकाळी इतकी गर्दी होती की दुसरा कान बोटानं बंद करावा लागला.

नऊ नंबरच्या पलंगावर मराठी काका आहेत, नामदेवराव. नल्लकुंट्याचे. न्यायालयात पेशकार होते, साक्षीदार बोलेल ते कागदावर उतरवायचं काम. मी प्लास्टिक गुंडाळताना म्हणाले, "अंबरपेठेतले का? चेहऱ्यावरून वाटलंच. घाबरून काम करतोस, चांगलं करतोस."

५ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी ११.४० ला चौथ्या मजल्यावरचा डबा चालू केला. सरांचा फोन आला होता. ते पुण्यात आहेत. दवाखान्याच्या चेअरमनना बडे डॉक्टर लॅपटॉपवर राउंड करून दाखवणार होते, म्हणून थांबता येणार नव्हतं. मशीन इंजिनिअर रजेवर आहे. सर म्हणाले, चालू कर, परिक्षा तो आल्यावर घेऊ.

दिवा आधी नारिंगी, मग हिरवा. सुजाता सिस्टरना सांगून केलं. त्यांनी विचारलं, वो टेस्ट हो गया? मी म्हणालो, बाद में. त्या म्हणाल्या, हौ, तुम लोगां का सब बाद में रैता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नऊ आणि अकरा नंबरच्या रेषा स्क्रीनवरून गेल्या. चार-पाच सेकंद सपाट आणि मग परत आल्या. सिस्टर धावत गेल्या तर नामदेवराव काका पपई खात होते. मला हाक मारून म्हणाले, "बघ हेमंता, मी मेलो होतो म्हणे, मला कुणी कळवलंच नाही."

सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. स्टिकर बदलले.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाचव्या मजल्याचं काम चालू आहे, पण पाण्यासाठी चौथ्यावर यावं लागतं. आज रेषा चार वेळा गेल्या. नऊ वाजता, साडेनवाला, मग अकराला आणि सव्वाअकराला. दर वेळी जरा आधी राउंडची गाडी आली होती, लॅपटॉप ठेवलेली, डॉक्टर त्यावर बोटं चालवत होते. दुसऱ्या वेळी दुसरे डॉक्टर होते, पण गाडी तीच. तिच्या एका चाकाचा आवाज येतो, तेल द्यायला सांगायला हवं.

वॉर्डात बोलणं चाललं आहे की सुजाता सिस्टर घामट कातडीवर स्टिकर लावतात, नीट पुसत नाहीत. मी त्यांना पुसताना पाहिलं आहे. दोनदा पुसतात. पण मला त्यातलं काय कळतं.

आता त्या दर दहा मिनिटांनी स्वतः प्रत्येक पलंगापाशी जाऊन मनगट धरून बघतात. मी विचारलं, स्क्रीन आहे ना? म्हणाल्या, "उसपे भरोसा नै रहा."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सर पुण्याहून आले. दवाखान्याच्या ऑफिसात मीटिंग होती. मध्येच बाहेर आले, घाईत होते, हातात कागद. विचारलं, "चौथ्या मजल्यावरचा कधी चालू केलास?"

मी म्हणालो, "परवा, सर."

"नक्की?"

"नक्की. मीच केला."

सर म्हणाले, सुटलो, आणि पाठीवर थाप मारून आत गेले. कशातून सुटलो ते विचारायचं राहिलं. पाठीवर थाप मिळाली म्हणून आईला सांगितलं. आईनं शेवयांची खीर केली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज आमच्या कंपनीनं दवाखान्याला दिलेल्या पत्राची झेरॉक्स पाहिली. इंग्रजीत आहे, पण तारखा वाचता येतात आणि बाकीचं अक्षर-अक्षर लावून वाचलं. त्यात आहे की चौथ्या मजल्यावरचं यंत्र ११ नोव्हेंबरला चालू झालं, तक्रार ७ नोव्हेंबरपासून आहे, म्हणून तक्रारीचा यंत्राशी संबंध असू शकत नाही.

मी घरी येऊन वही काढली. वहीत ५ आहे. ११.४० लिहिलं आहे.

आता माझी चूक की पत्राची? सर इंजिनिअर आहेत, मोजून लिहितात. मी बराच विचार केला. एक शक्यता अशी की 'चालू होणं' याचा त्यांच्या भाषेत वेगळा अर्थ असेल. दिवा लागला म्हणजे चालू असं मी समजतो, पण सर पुण्यातून कॉम्प्युटरवर त्यात काही भरतात, ते ११ तारखेला भरलं असेल आणि तेव्हापासून त्याला चालू म्हणत असतील. दुसरी शक्यता, मीच ५ ऐवजी दुसरं काही लिहायला हवं होतं. पण ५ ला बुधवार होता आणि आईचा उपवास होता, हे आठवतं.

पहिली शक्यता बरोबर वाटते. पण मग ५ तारखेला डॉक्टरांनी चेअरमनना काय दाखवलं?

विचारलं तर सर म्हणतील, हेमंत, तुला कळत नाही त्यात पडू नकोस. ते खरंही असेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार



सकाळी साडेदहाला नामदेवराव काका बाथरूमकडे जाताना पडले. स्क्रीनवर त्यांची रेषा आधीच सपाट होती आणि आणखी दोघांचीही होती. टेबलावर बसलेल्या लहान सिस्टरनं रेषा गेली की वाजणारी घंटा बंद केली, कारण ती दिवसभर वाजतच असते. या वेळी एकाची रेषा खरंच सपाट होती. सुजाता सिस्टर दहा मिनिटांच्या फेरीला निघाल्या होत्या म्हणून त्यांना पॅसेजमध्ये काका दिसले. गुडघ्यांवर बसून त्यांनी काकांची छाती दाबायला सुरुवात केली. मी पाण्याची बाटली घेऊन तिथेच उभा होतो. त्या तेलुगूत मोजत होत्या. मग डॉक्टर आले, झटका द्यायचं यंत्र आलं.

काका वाचले. त्यांना आता आतल्या खोलीत वायरच्या यंत्रावर ठेवलं आहे.

दुपारी सुजाता सिस्टरना मेमो मिळाला. निष्काळजीपणा. स्टिकर सुटलेले, घंटेकडे दुर्लक्ष. गुरुवारी मेट्रनपुढे उत्तर द्यायचं, नाही तर नोकरी जाणार. जोडीला आमच्या पत्राची झेरॉक्स आहे, म्हणजे यंत्र निर्दोष आहे हे आधीच ठरलेलं.

मला त्या जिन्यात दिसल्या. मी म्हणालो, सिस्टर, तुम्हीच तर वाचवलं. त्या म्हणाल्या, "कागज पे वो नै लिखा ना."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काकांना भेटायला पाच मिनिटं सोडलं. आवाज बारीक झाला आहे, पण डोकं साफ आहे. मेमोचं त्यांना कळलं होतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, काही गिळून बसला आहेस, सांगून टाक.

मी पत्राचं सांगितलं. ५ आणि ११. 'चालू' या शब्दाचा इंजिनिअरिंगमधला अर्थ काय असेल तेही विचारलं. ते म्हणाले, ते राहू दे, तुला तुझ्या साहेबांनी विचारलं तेव्हा तू नेमकं काय बोललास, शब्द जसेच्या तसे सांग.

मी सांगितलं. कधी चालू केलास, असं त्यांनी विचारलं. परवा, असं मी म्हणालो.

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्रास होतो आहे, सिस्टरला बोलवावं. पण ते हसत होते.

"कुठली परवा?" ते म्हणाले.

मला समजलं नाही.

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. छत्तीस वर्षं न्यायालयात बसून ते साक्षीदारांची बोलणी लिहीत होते. इथला साक्षीदार म्हणायचा, परसों झगडा हुआ. त्यांचा नियम होता, पेन उचलायचं आणि आधी विचारायचं, कौनसी परसों? कुणाची परसों गेल्या रविवारची असायची, कुणाची निजामाच्या वेळची. एकदा नवीन जज्ज बाहेरून आले आणि त्यांनी परसों म्हणजे खरोखरचा कालच्या आदला दिवस धरला, तर खून व्हायच्या चार दिवस आधीच खुन्याला पकडलं असं कागदावर आलं.

"आपलं मराठीही तसंच झालंय रे इथे. आपल्या घरात जे होऊन गेलं ते सगळं परवा. तुझ्या साहेबाच्या घरात परवा म्हणजे दोन दिवस."

मी म्हणालो, पण परवा म्हणजे परवाच ना, होऊन गेलेला दिवस. आणि बोलता बोलताच बोटांवर मोजलं. तेरातून दोन गेले, अकरा.

घरी आल्यावर वही पहिल्यापासून वाचली. पहिल्याच ओळीत परवा आहे. बाबा गेले तेही परवा. मी कधी पाहिलंच नाही. वेलांट्या तपासत राहिलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सरांना फोन केला. सगळं सांगितलं, ५ तारीख, ११.४०, आणि परवाची गोष्ट. ते म्हणाले, ५ ला मीच सांगितलं होतं, पण तू परवा म्हणालास तेव्हा वाटलं, त्या दिवशी राहून गेलं असेल. मग म्हणाले, "परवाला परवा न म्हणता तारीख सांगता आली नसती का तुला?"

मी म्हणालो, चूक माझी आहे, पत्र बदलू या.

सर म्हणाले की पत्र दिल्लीच्या हेड ऑफिसपर्यंत गेलं आहे. आणखी दोन दवाखाने याच आठवड्यात सही करणार आहेत. डब्याचा आणि पेटीचा रस्ता एकच निघाला असेल तर ते पुढच्या आठवड्यात डब्याचा रस्ता गुपचूप बदलतील, त्रास थांबेल, कुणाला काही कळणार नाही. मी विचारलं, आणि सुजाता सिस्टर? ते म्हणाले, त्यांना दुसरीकडे लगेच नोकरी मिळेल, नर्सना नोकऱ्या कमी नाहीत. मग आवाज उतरवून म्हणाले, "हेमंत, मी तुला कधी वाईट वागवलं का?"

नाही, वागवलं नाही. हे खरं आहे. बूट दारातच आहेत, इथून दिसतात.

मला कळत नाही. सर वाईट माणूस असते तर सोपं झालं असतं. पत्र त्यांनी खोटं लिहिलं नाही, माझ्या शब्दावर लिहिलं. म्हणजे खोटं बोललो मी. पण मीही खोटं बोललो नाही. मग सिस्टरची नोकरी घेतली कुणी? आणि आता मी गप्प बसलो तर उद्यापासून तो खोटेपणा कुणाचा?

नोकरी गेली तर काय करणार, हेही कळत नाही. आईला अजून सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

क्रमानं लिहितो.

नऊला चौथ्या मजल्यावर गेलो. सुजाता सिस्टर ड्यूटीवर होत्या, मेट्रनकडे बाराला जायचं होतं. नियमाप्रमाणे त्यांना विचारलं, "सिस्टर, डबा बंद करू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किसने बोला?"

मी म्हणालो, कुणी नाही, मीच.

त्या म्हणाल्या, "प्लास्टिक लगाको कर."

प्लास्टिक लावलं, चारही कोपरे दाबले. टाइल उघडून वायर काढली. ९.१८. हिरवा दिवा गेला. खाली उतरून हात धुतले आणि त्यांच्या टेबलाशी, स्क्रीनसमोर उभा राहिलो. त्याही बसल्या. मशीन इंजिनिअर परवापासून, नाही, सोमवारपासून रजेवरून आला आहे, त्यालाही बोलावलं. त्यानं खुर्ची ओढली. दहा रेषा होत्या. आम्ही तिघं तासभर स्क्रीनकडेच बघत होतो.

साडेनवाला राउंडची गाडी आली, चाक वाजवत. लॅपटॉपवर काही येईना. बडे डॉक्टर चिडले, कागद मागवले. स्क्रीनवर दहाही रेषा चालत राहिल्या. १०.१८ पर्यंत एकही गेली नाही. मशीन इंजिनिअरनं कागदावर लिहून सही केली. जी टेस्ट पंधरा दिवसांपूर्वी व्हायची होती ती आज झाली.

मग मी वही बाहेर काढली आणि सिस्टरच्या पुढे ठेवली. म्हणालो, यात तारीख आहे. त्यांनी पान उलटलं, वाचता येईना, विचारलं, क्या लिखा? मी सांगायला लागलो तर त्या म्हणाल्या, मेरेकू नक्को, मेट्रन को.

मेट्रनलाही मराठी येत नाही. माझ्या तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास बसेना, आणि ते बरोबरच आहे, तोंडी सांगण्यानंच हे सगळं झालं. मी म्हणालो, आतल्या खोलीत एक मराठी पेशकार आहेत.

मेट्रन स्वतः काकांच्या खोलीत आल्या. डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली. काकांनी चष्मा मागितला, उशी मागे लावायला सांगितली, आणि वही हातात घेऊन न्यायालयात वाचतात तशी वाचली. एक ओळ मराठी, मग तीच उर्दूत. पाच नोव्हेंबर, बुधवार, सकाळी अकरा चाळीस. सुजाता सिस्टर दाराशी उभ्या होत्या. 'तुम लोगां का सब बाद में रैता' हे वाचलं तेव्हा मेट्रननी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं.

वाचताना काका एका ठिकाणी थांबले. पान डोळ्यांजवळ नेलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पुढे वाचलं.

मेमो आज थांबवला आहे. रद्द नाही, थांबवला. मेट्रन म्हणाल्या, वर कळवावं लागेल, वहीची झेरॉक्स लागेल. वही संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आहे, पाचला न्यायची आहे. कंपनीच्या मोबाइलवर सरांचे तीन फोन येऊन गेले. अजून उचललेला नाही. उचलीन. बूट पुसून पिशवीत ठेवले आहेत.

निघताना काकांना विचारलं होतं, मध्येच का थांबलात. ते म्हणाले, घरी जाऊन बघ.

आत्ता पाहिलं. ५ तारखेच्या पानावर 'परीक्षा' लिहिताना री ऱ्हस्व झाली आहे. पंधरा दिवसांत तीनदा वाचूनही दिसली नव्हती. हेच पान झेरॉक्स होऊन वर जाणार, कुणीकुणी वाचणार. पेन हातातच होतं, एक वेलांटी फिरवायला वेळ लागला नसता.

पण त्या दिवशी जे जसं लिहिलं ते तसंच जायला हवं. दुरुस्त केलं नाही.